दुकानदार संपादक : ह्यूगो गर्न्सबॅक

आपल्याकडील टीकाकारांची नजर काव्य, कादंबरी आणि नाटक यांच्यापलीकडे सहसा जात नाहीं. वृत्तपत्रीय लेखन हें त्यांच्या मतें सकाळीं जन्मून सायंकाळीं मरणारें. आणि त्यांतहि बाजारांत विकावयास आलेल्या वस्तूंविषयींचें लेखन तर जन्मतःच मृत. या अनास्थेला दोन कारणें आहेत, व तीं अगदींच निराधार नाहींत. एक, वस्तु जुनी झाली कीं तिच्याविषयीं लिहिलेलें वाचण्याचें प्रयोजन उरत नाहीं. दुसरें, असा लेखक कोणा व्यापाऱ्याच्या ताटाखालचें मांजर तर नसेल ना, ही शंका वाचकाच्या मनांतून जात नाहीं. ह्यूगो गर्न्सबॅक या लेखकाच्या बाबतींत ही दुसरी शंका काढण्याचेंहि कारण पडत नाहीं. कारण तो स्वतःच व्यापारी होता. बिनतारी यंत्रांचे सुटे भाग विकतां विकतां तो संपादक झाला, आणि पुढें जवळजवळ साठ वर्षें नभोवाणी व तत्सम यंत्रें यांवर लिहीत राहिला. असें असूनहि त्याचें लेखन टीकाकारानें वाचण्याजोगें आहे. किंबहुना त्यांतील जें उत्तम तें त्याच्या दुकानदारीमुळेंच उत्तम झालें, असें आमचें मत आहे.

मराठी वाचकांस हें नांव ठाऊक असलेंच तर तें वैज्ञानिक अद्भुतकथांच्या निमित्तानें. १९२६ च्या एप्रिलांत त्यानें सुरू केलेलें 'अमेझिंग स्टोरीज' हें केवळ अशा कथांना वाहिलेलें पहिलें मासिक मानलें जातें, आणि १९५३ पासून या वाङ्मयप्रकारांतील उत्कृष्ट कृतींना देण्यांत येणारें पारितोषिक 'ह्यूगो' या त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. या कीर्तीनें त्याचें मूळ काम झांकून टाकलें. तें काम पुन्हां उजेडांत आणण्याचें श्रेय ग्रँट वायथॉफ यांनीं संपादिलेल्या व मिनेसोटा विद्यापीठानें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द परव्हर्सिटी ऑफ थिंग्ज' या संग्रहास आहे. 'वस्तूंचा खोडसाळपणा' असा या नांवाचा भावार्थ करतां येईल. ज्याचे हात तारा जोडतांना भाजले आहेत त्यालाच असें नांव सुचावें.

गर्न्सबॅकचा जन्म १८८४ सालीं लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशांत झाला. बाप द्राक्षमद्याचा व्यापारी. मुलाला विजेचें वेड. विशीच्या उंबरठ्यावर, १९०४ सालीं, आपण बनविलेल्या विद्युत्-घटाचा आराखडा घेऊन तो न्यू यॉर्कला गेला. त्या घटानें भाग्य उजळलें नाहीं. पण पुढच्याच वर्षीं त्यानें 'इलेक्ट्रो इंपोर्टिंग कंपनी' काढून युरोपांतून विजेचें सामान आणून टपालानें विकण्यास प्रारंभ केला. १९०५-०६ च्या हिवाळ्यांत 'सायंटिफिक अमेरिकन' मध्यें या कंपनीची एक जाहिरात आली. 'टेलिम्को' नांवाचा बिनतारी संदेशांचा संपूर्ण संच, मैलभर अंतरापर्यंत चालणारा, दहा डॉलरांच्या आंत! संदेश धाडण्याच्या बाजूला ठिणगी पाडणारें वेटोळें. तो ग्रहण करण्याच्या बाजूला कांचेच्या नळींत भरलेला धातूचा कीस. एरवीं या किसांतून वीज नीट वाहत नाहीं. बिनतारी लहर येऊन पोहोंचली कीं कण एकमेकांस चिकटतात, प्रवाह सुरू होतो आणि घंटा वाजते. मग लहानशा हातोडीचा टोला नळीला बसून कण पुन्हां मोकळे होतात व नळी पुढच्या संदेशास सिद्ध होते. शब्द किंवा गाणें नव्हे, केवळ एक टिण्‌ असा आवाज. परंतु मध्यें तार नसतां तो भिंतीपलीकडून येत होता.

इतक्या अल्प किमतींत असें यंत्र मिळणें शक्य नाहीं, तेव्हां ही लबाडीच असली पाहिजे, अशी तक्रार होऊन एक पोलीस शिपाई दुकानांत चौकशीस आला. यंत्र चालवून दाखविलें तरी त्याचें समाधान होईना. बिनतारी म्हणतां, मग या एवढ्या तारा कसल्या, असा त्याचा प्रश्न! ही हकीकत गर्न्सबॅकच्याच तोंडची आहे, तेव्हां तींत थोडा मीठमसाला असणारच. परंतु तिच्यांत त्याच्या पुढील आयुष्याचें बीज आहे. माल खरा होता. तो खरा आहे हें ओळखण्याची दृष्टि मात्र गिऱ्हाइकाजवळ नव्हती. ती दृष्टि दिल्यावांचून माल खपणार नव्हता. म्हणून त्याच्या सूचिपत्रांत किमतींबरोबर स्पष्टीकरणें येऊं लागलीं, आणि १९०८ च्या एप्रिलांत 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' हें मासिक निघालें. व्यापाराच्या पोटीं नियतकालिक जन्मास यावें यांत मराठी वाचकांस नवल वाटूं नये. नांगराच्या कारखान्याची वार्ता देण्यासाठीं १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून निघालेल्या 'किर्लोस्कर खबरे'चें पुढें घराघरांतून वाचलें जाणारें मासिक कसें झालें, हें आपल्या वाङ्मयेतिहासांत नमूद आहेच.

आतां मूळ शंकेकडे वळूं. जो विकतो त्यानें लिहावें काय? या प्रश्नाचें उत्तर, आमच्या मतें, तो काय विकतो यावर अवलंबून आहे. तयार वस्तु विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचें अज्ञान सोयीचें असतें. आंत काय आहे हें त्याला जितकें कमी कळेल तितकें बरें. परंतु गर्न्सबॅक विकत होता सुटे भाग. तांब्याची तार, स्फटिक, किल्ली, वेटोळें, श्रवणयंत्र. विकत घेणाऱ्याला यांची जुळणी आली नाहीं तर त्या वस्तु म्हणजे निव्वळ अडगळ; आणि एकदां जुळणी आली कीं त्याला आणखी चार वस्तूंची भूक लागणार. म्हणजे दुकानदाराचा फायदा वाचकाच्या ज्ञानावांचून होत नव्हता. स्वार्थ आणि शिक्षण यांची अशी गांठ फार थोड्यांच्या वांट्यास येते. गर्न्सबॅकच्या वांट्यास ती आली, आणि सुमारें पंधरा वर्षें टिकली.

त्या पंधरा वर्षांतील लेखांची भाषा पाहावी. अलंकार नाहींत, आहेत ते उद्गारचिन्हांचे, आणि तेहि फार. परंतु यंत्राची रचना सांगूं लागला कीं हाच उतावळा माणूस एकदम सावध होतो. तार किती जाडीची, वेढे किती, कोणतें टोंक कोठें जोडावयाचें, आणि हें मिळालें नाहीं तर घरांतली कोणती वस्तु चालेल. आकृतीवांचून पान नाहीं. कोणताहि सुगरणपणा शब्दांत उतरविणें किती कठीण असतें हें ज्यानें पाककृति लिहून पाहिली आहे त्याला कळेल. हात जें सहज करतो तें वाक्याला सहज सांगतां येत नाहीं. गर्न्सबॅकला तें साधलें, याचें कारण त्याच्या डोळ्यांपुढील वाचक ऐकणारा नसून करणारा होता. लेख वाचून झाल्यावर वाचकाच्या मेजावरचें यंत्र वाजलें नाहीं, तर लेख खोटा. टीकाकाराहून कठोर असा हा परीक्षक होता, आणि तो दर महिन्यास लाखों शब्दांची स्तुति न करतां केवळ वाजे किंवा मुका राही.

शिवाय या वाचकाला त्यानें मुकें ठेवलें नाहीं. प्रश्नोत्तरांचें सदर, घरगुती प्रयोगशाळांच्या छायाचित्रांना पारितोषिकें, वाचकांनीं शोधलेल्या युक्त्या यांनीं त्याचीं मासिकें भरलेलीं असत. शाळकरी पोरें आपापल्या माळ्यावर तारांच्या जंजाळांत ताठ बसलेलीं दिसतात. १९०९ सालीं त्यानें 'वायरलेस असोसिएशन ऑफ अमेरिका' ही संस्था काढली. वर्गणी नाहीं, आणि वर्षभरांत दहा हजार सभासद झाल्याचें त्यानें जाहीर केलें. ही संस्था म्हणजे गिऱ्हाइकांची यादी होती, असें म्हणणाऱ्यांस आम्ही विरोध करणार नाहीं. पण त्याच यादीमुळें, ठिकठिकाणीं एकटे बसून ठिणग्या पाडणाऱ्या मुलांस आपण एका समाजाचे घटक आहों हें प्रथम कळलें. आरमार व मोठ्या कंपन्या या पोरांच्या लुडबुडीनें त्रस्त होऊन त्यांना आकाशांतून हांकलून देऊं पाहत असतां गर्न्सबॅकनें आपल्या मासिकांतून त्यांचा पक्ष घेतला. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें हौशी लोकांस २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींवर ढकललें. त्या लहरी त्या काळीं कुचकामाच्या मानीत; पडीक जमीन द्यावी तसा हा प्रकार होता. पुढें १९२३ च्या नोव्हेंबरांत सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर अमेरिकन व फ्रेंच हौशी लोकांनीं अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवरून परस्परांशीं संभाषण केलें, तेव्हां पडीक जमिनींत सोनें होतें हें तज्ज्ञांस उमगलें.

त्याच्या कल्पित वाङ्मयाविषयीं थोडक्यांत लिहितों. 'राल्फ १२४ सी ४१ +' ही त्याची कादंबरी १९११ च्या एप्रिलापासून वर्षभर 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' मध्यें क्रमशः आली. सन २६६० मधील न्यू यॉर्क. चित्रासह बोलणाऱ्या दूरध्वनीची जोडणी चुकते आणि स्वित्झर्लंडमधील एक तरुणी नायकाच्या पडद्यावर अवतरते. नायक न्यू यॉर्कांत बसूनच तिच्यावर कोसळणारा हिमप्रपात वितळवून टाकतो. कथा म्हणून हें सारें लांकडी आहे. नायकाला हृदय असल्याचें लेखक सांगतो म्हणून मानावयाचें. मात्र धातूच्या विमानावर आदळून परत येणाऱ्या लहरींवरून त्याचें अंतर कसें काढावें, याची आकृति जेथें येते तेथें हाच लेखक जिवंत होतो. प्रेमिकेच्या डोळ्यांहून त्याला तारेचीं वेटोळीं अधिक सुंदर दिसत, आणि तें लपविण्याइतकें कसब त्याच्या ठायीं नव्हतें.

या 'रडार'च्या आकृतीमुळें व अशाच दहा-वीस गोष्टींमुळें त्याला द्रष्टा म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ज्योतिष्याचीं खरीं ठरलेलीं भाकितें लोक मुलाबाळांना सांगतात. फसलेल्यांची वही कोणी ठेवीत नाहीं. दर नाताळांत भविष्यकथनाची पुस्तिका छापून स्नेह्यांना वांटणाऱ्या माणसाच्या हातून कांहीं नेम बसणारच. नेम किती बसले यापेक्षां यंत्र कसें चालेल तें सांगण्याची त्याची आच महत्त्वाची. तीच त्याला सामान्य भविष्यवाद्याहून वेगळें काढते.

१९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली व हौशी लोकांचीं सर्व बिनतारी केंद्रें सरकारी आज्ञेनें बंद झालीं. या वेळीं १९१३ सालीं काढलेलें 'इलेक्ट्रिकल एक्स्पेरिमेंटर' हें मासिक त्याच्या हातांत होतें. हात बांधलेल्या वाचकाला काय द्यावयाचें? त्याच्या पानांवर भावी युद्धयंत्रांचीं व अचाट वाहनांचीं चित्रें भरभरून आलीं. निकोला टेस्लाचें आत्मचरित्रहि १९१९ सालीं याच मासिकांत क्रमशः प्रसिद्ध झालें, व त्याबद्दल गर्न्सबॅकचे सर्वांनीं ऋणी राहिलें पाहिजे. त्याच वर्षीं बंदी उठूं लागली तेव्हां जुलैंत त्यानें नवें मासिक काढलें. तेंच पुढें 'रेडिओ न्यूज' झालें. १९२० च्या नोव्हेंबरांत पिट्सबर्ग येथील केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले, आणि टिण्‌ वाजणाऱ्या नळीच्या जागीं बोलणारें, गाणारें यंत्र आलें. घरोघर स्फटिक आणि केसासारख्या तारेचें टोंक घेऊन लोक बसले. 'रेडिओ न्यूज' भरभराटला.

याच भरभराटींत त्याच्या लेखनाला कीड लागली. १९२५ च्या जूनमध्यें न्यू यॉर्कच्या एका हॉटेलांत त्यानें स्वतःचें 'डब्ल्यू. आर. एन. वाय.' हें नभोवाणीकेंद्र उघडलें. गंमत अशी कीं, त्याच्या पुढच्याच महिन्यांत त्याच्या दुसऱ्या मासिकांत 'आयसोलेटर' नांवाच्या शिरस्त्राणाची माहिती आली : डोकें पूर्ण झांकणारें, डोळ्यांपुरत्या फटी ठेवलेलें, प्राणवायूची नळी जोडलेलें, तें घालून लेखकानें बाहेरील गोंगाटापासून मुक्त व्हावें! एका हातानें शहरभर आवाज सोडून दुसऱ्या हातानें कानांत बोळे घालणाऱ्या या संपादकाचें छायाचित्र पाहून हंसूं आवरत नाहीं.

पण मूळ दुखणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. १९२७ च्या सुमारास घरांतील विजेच्या प्रवाहावर चालणारे व्हॉल्व्ह बाजारांत आले, आणि रेडिओ म्हणजे पॉलिश केलेलें कपाट झालें. तें आणावयाचें, बटण फिरवावयाचें आणि ऐकावयाचें. सुट्या भागांचा ग्राहक ओसरूं लागला. तयार पेटीचा वाढला. ज्या पेटीचें झांकण वाचक उघडीत नाहीं तिच्याविषयीं संपादकानें लिहिलेलें खरें कीं खोटें, हें त्यानें ताडून कसें पाहावें? १९२८ च्या ऑगस्टांत गर्न्सबॅकच्या केंद्रावरून दूरचित्रांचें प्रक्षेपण सुरू झालें. चित्र ४८ रेषांचें, सेकंदास साडेसात चित्रें, आणि आकार दीड इंच चौरस. म्हणजे मोठ्या टपाल-तिकिटाएवढा. प्रयोग धाडसी होता, व त्याचें यंत्र घरीं कसें बांधावें तेंहि त्याच्याच मासिकानें छापलें; तेवढ्यापुरता जुना गर्न्सबॅक शिल्लक होता. परंतु केंद्र त्याचें, मासिक त्याचें, आणि त्या केंद्राच्या यशाचा डंकाहि त्याच मासिकाच्या पानांवर! पूर्वीच्या दुकानदारीवर वाचकाच्या हातांचा पहारा होता. या दुकानदारीवर कोणाचाच नव्हता. स्वतःच्या तबल्याला स्वतःच वाहवा म्हणण्याचा हा प्रकार झाला, आणि १९२८ मधील त्याच्या लेखांचा सूर त्यामुळें पोकळ लागतो.

'अमेझिंग स्टोरीज' याच काळांतलें. तयार पेटीनें रिकाम्या केलेल्या हातांना दुसरें खाद्य देण्याचा हा उद्योग होता असें आम्ही समजतों. वाङ्मयाच्या इतिहासांत त्याचें स्थान कोणी नाकारणार नाहीं. पण संपादक म्हणून गर्न्सबॅकचा सर्वांत मोठा दोष येथेंच दिसतो. ज्यानें वाचकाच्या श्रमांची एवढी कदर केली त्यानें लेखकाच्या श्रमांची केली नाहीं. एच. पी. लव्हक्राफ्टची 'द कलर आउट ऑफ स्पेस' ही सुमारें बारा हजार शब्दांची कथा १९२७ सालीं त्यानें छापली व तिच्याबद्दल २५ डॉलर दिले; तेहि लेखकास वारंवार तगादा करावा लागल्यावर. लव्हक्राफ्ट त्याला उंदीर म्हणे. थकलेल्या मोबदल्यासाठीं इतर लेखकांनाहि झगडावें लागलें. हा व्यवहार केवळ कंजूषपणाचा नव्हे. सुटा भाग पुरविणाऱ्याला पैसे चुकते करावे लागतात हें त्याला कळत होतें. कथा हीहि कोणी तरी घडविलेली वस्तु आहे, हें वस्तूंच्या या भक्ताला कळलें नाहीं.

१९२९ च्या फेब्रुवारींत त्याची प्रकाशनसंस्था दिवाळखोरींत निघाली. 'रेडिओ न्यूज', 'अमेझिंग स्टोरीज' आणि नभोवाणीकेंद्र हीं तिन्हीं हातचीं गेलीं. दुसरा कोणी खचला असता. यानें कांहीं महिन्यांतच नवीं मासिकें उभीं केलीं, आणि त्यांतील जुलै १९२९ चें 'रेडिओ-क्राफ्ट' हें आमच्या मतें त्याच्या उत्तरायुष्याची खरी कमाई. याचा वाचक बदलला होता. माळ्यावरचा मुलगा मोठा होऊन दुरुस्तीचें दुकान घालून बसला होता. लोकांच्या घरांतील कपाटासारख्या पेट्या बिघडत, आणि त्या उघडण्याची पाळी या माणसावर येई. पेटी बनविणारे तिचा आराखडा सहसा बाहेर जाऊं देत नसत. १९३० सालीं गर्न्सबॅकनें 'ऑफिशिअल रेडिओ सर्व्हिस मॅन्युअल' हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यांत निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्यांचीं अंतर्गत जोडणीचित्रें एकत्र दिलेलीं होतीं. या ग्रंथांत वाङ्मयगुण शोधणें हास्यास्पद होईल. तरीहि त्याच्या लेखनकार्यांत त्याला आम्ही फार वरचें स्थान देऊं. पेटी बंद झाली म्हणून त्याच्या लेखनाचा कणा मोडला होता. येथें तो पेटी पुन्हां उघडून बसला. विकणारा व शिकविणारा यांचा जुना संसार पुन्हां जुळला, आणि त्याबरोबर भाषेंतील पोकळ ढोलहि थांबला.

'रेडिओ-क्राफ्ट'चें नांव १९४८ च्या ऑक्टोबरांत 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' झालें. त्यांत एप्रिल महिन्याच्या अंकांत मोहम्मद युलिसीस फिप्स या अजब टोपणनांवानें तो न झालेल्या शोधांचीं गंभीर वर्णनें देई. रचना इतकी तपशीलवार कीं भोळा वाचक ती जुळवावयास बसावा! या थापा त्याच्या कथांहून सरस उतरल्या आहेत. त्यांत पात्रें नाहींत, प्रेम नाहीं. फक्त एक यंत्र आहे आणि तें चालतें असें लेखक शपथेवर सांगतो आहे.

१९६३ च्या जुलैंत 'लाइफ' साप्ताहिकानें त्याच्यावर लेख छापला. त्यांतील छायाचित्रांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ डोळ्यांवर दूरचित्रवाणीचा चष्मा चढवून, त्यावर दोन शलाका उभारून बसला आहे. लेखांत त्याची तुलना सर्कसवाल्या बार्नमशीं केली होती. तुलना अर्धीच बरोबर आहे. बार्नमनें आपल्या चमत्कारांच्या आकृति प्रेक्षकांस कधीं वांटल्या नाहींत. चार वर्षांनीं, १९६७ च्या ऑगस्टांत, न्यू यॉर्कांत गर्न्सबॅक वारला.

वायथॉफ यांचा संग्रह ज्यांच्या हातीं पडेल त्यांनीं भविष्यकथनाचीं पानें चाळून बाजूस ठेवावीं व जोडणीचित्रें असलेले लेख सावकाश वाचावे. त्या काळच्या स्फटिक-रेडिओला वीज लागत नाहीं, घट लागत नाहीं. तांब्याची तार, गॅलिना नांवाचा शिशाचा चकचकीत खनिज, एक श्रवणयंत्र आणि लांब टांगलेली तार एवढ्या सामग्रीवर कोणीहि चिकाटीचा मुलगा तो एका संध्याकाळांत उभा करूं शकेल. ऐकूं काय येईल हा प्रश्न निराळा, कारण असे रेडिओ दीर्घ व मध्यम लहरींच्या केंद्रांवर चालतात, आणि तीं केंद्रें युरोपांत एकामागून एक बंद होत आलीं आहेत. गर्न्सबॅकच्या जन्मभूमींतील, लक्झेंबर्गमधील बायडवायलर येथील दीर्घ लहरींचें मोठें प्रक्षेपण-केंद्र २०२३ च्या आरंभीं थांबलें.